बल्गेरियन लग्नात माझी ढोलकी

आमच्या समोरच्या घरातला माणूस आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करतो आणि रविवारी गॅरेजचं दार अर्धं वर करून अ‍ॅकॉर्डियन वाजवतो. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या या गल्लीत आम्हाला नऊ वर्षं झाली. त्यातली आठ वर्षं आमची ओळख हात हलवण्यापुरती होती. कचऱ्याचे डबे बाहेर काढताना एक हात, बर्फ उपसताना एक हात. तो बल्गेरियाचा, त्याची बायको दातांच्या दवाखान्यात काम करते आणि त्यांची मुलगी शाळेत आमच्या मुलीच्या चार वर्षं पुढे होती, एवढीच माहिती.

गेल्या एप्रिलमध्ये मी डेकवर बसून ढोलकी वाजवत होते. आमच्या जयंतीच्या कार्यक्रमात भीमगीतांना दरवर्षी ढोलकी माझीच असते. नवऱ्याचा घरात कॉल चालू होता म्हणून मी जाकीट घालून बाहेर बसले होते. तेवढ्यात समोरचा माणूस रस्ता ओलांडून आला. हातात एक ताटली, तिच्यात चीज भरलेली खारी असते तसं काहीतरी, गरम गरम.

"हे तू वाजवत होतीस?" त्याने विचारलं.

"हो. सॉरी, फार आवाज होतो का?"

"कमी होतो," तो म्हणाला. "लग्नासाठी कमी आहे. पण आपण माइक लावू."

मला काही कळेना. मग ताटली माझ्या हातात देऊन त्याने सगळं सांगितलं. जूनमध्ये त्याच्या मुलीचं लग्न. मांडव घरामागच्या अंगणातच. बँड त्याचा स्वतःचा. पण त्याचा ड्रमवाला छपराची पन्हळ साफ करायला शिडीवर चढला आणि मनगट मोडून घेऊन उतरला. "माझ्याकडे क्लॅरिनेट आहे, सॅक्सोफोन आहे, गिटार आहे, मी आहे. ताल नाही. आणि माझ्या समोर राहणारी बाई इतकी वर्षं ताल लपवून बसली आहे!"

"पण मी तुमचं संगीत कधी ऐकलेलं नाही."

"लग्नं ऐकली आहेस ना?"

लग्नं मी खूप ऐकली होती. माझे बाबा नागपूरला बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे. लाल कोट, सोनेरी झालर, आणि मे महिन्यातलं नागपूरचं ऊन. आमच्या वस्तीतल्या अर्ध्या घरांत कुणी ना कुणी बँडमध्ये होतं. रोज संध्याकाळी बाबा दारात बसून रियाझ करत आणि मी त्यांच्यासमोर तेलाचा डबा वाजवत बसे. डब्यावरून मी गायनपार्टीच्या ढोलकीवर गेले, तेव्हा ते रागावले नाहीत, पण खूशही झाले नाहीत. "मी वाजवतो ते तू शाळा शिकावीस म्हणून," एवढंच म्हणाले. मी शिकले. फार्मसी केली, इथे आले, आता औषधांच्या चाचण्यांचे रिपोर्ट तपासते.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो भांडी डिशवॉशरमध्ये लावत होता. "अगं, लोकांच्या लग्नात आपण जेवायला जातो, वाजवायला नाही," तो म्हणाला. तो सहज बोलला. मला ते सहज घेता आलं नाही. मुलगी कॉलेजातून घरी आली होती, ती म्हणाली, "आई, धिस इज सो रँडम. प्लीज से येस."

मी येस म्हणाले.

पहिल्या रविवारी ढोलकी घेऊन गॅरेजमध्ये गेले. सॅक्सोफोन आणि गिटार वाजवणारे दोघं सख्खे भाऊ, ट्रेंटनला ट्रक चालवणारे, दोघंही फ्रिजएवढे रुंद. क्लॅरिनेटवाला शिकागोहून थेट लग्नाच्या दिवशीच येणार होता. "त्याला तालमीची गरज नाही," समोरचा म्हणाला. "आपल्याला आहे."

त्यांनी सुरुवात केली आणि मी खुर्चीवर नुसती बसून राहिले. सूर कानाला ओळखीचे वाटत आणि ओळख पटायच्या आत पळून जात. मधेच सनईसारखं वळण, मधेच तुर्की वाटावी अशी लकेर, मग सॅक्सोफोन एकदम जाझमध्ये घुसे आणि धाकटा भाऊ गिटारवर रॉक वाजवून परत खेड्यातल्या नाचाच्या धुनेवर येई. हे सगळं इतक्या वेगात, की वरच्या मजल्यावरून कुणीतरी पियानो ढकलून दिलाय आणि तो प्रत्येक पायरीवर सुरात आपटतोय असं वाटावं.

"हे नक्की कुठलं आहे?" मी विचारलं.

"लग्नाचं," तो म्हणाला. मग गंभीर होऊन सांगू लागला. तो लहान असताना सरकारला लोकसंगीत स्वच्छ हवं होतं. रेडिओवर वाजायचं ते धुऊन, इस्त्री करून. पण लग्नातल्या बँडांनी सगळं एकत्र केलं. थ्रेस प्रांतातल्या धुना, तुर्की, सर्बियन, रोमा म्हणजे जिप्सी लोकांचं वाजवणं, पश्चिमेचं जे कानावर पडेल ते. मोठा बँड आला की आमंत्रण नसलेली माणसंही कुंपणावर चढून ऐकायची. "मीसुद्धा एकदा चढलो होतो. नवरी कोण, नवरा कोण, अजून माहीत नाही. क्लॅरिनेट आठवतं."

"आमच्याकडेही असंच," मी म्हणाले. "एका वरातीत लावणी, सिनेमातली गाणी, इंग्रजी मार्च, सगळं एकापाठोपाठ."

"मग वाजव!"

मी वाजवायला लागले आणि चौथ्या सेकंदाला आपटले. त्यांच्या एका नाचाला सात मात्रा असतात. सात मला येतात. पण सात म्हटलं की माझी बोटं आधी तीन घेतात, मग दोन, मग दोन. यांचे आधी दोन, दोन, आणि तीन शेवटी. मी तीनवर आपटत होते तेव्हा ते दोनवर असत, आणि ते तीनवर येत तेव्हा मी पुढच्या गावाला पोचलेली असे. थोरला भाऊ सॅक्सोफोन खाली ठेवून पोट धरून हसला. मला राग यायला हवा होता, पण मीही हसत सुटले. पन्नाशीनंतर कुणी आपल्याला इतकं साफ चुकू देत नाही.

घरी येऊन मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बोटं आपटत राहिले. समोर आयसेलिनच्या भारतीय दुकानातून आणलेली भाजी निवडायची पडली होती. ती बघता बघता तोंडातून निघालं, "मेथी, मुळा, टमाटे. मेथी, मुळा, टमाटे." दोन, दोन, तीन! मी तशीच चपला घालून रस्ता ओलांडला आणि त्याच्या दारात उभी राहून ताल वाजवून दाखवला. तो म्हणाला, "आता अकरा." अकरा मात्रांचा त्यांचा नाच म्हणजे दोन, दोन, तीन, दोन, दोन. मी जागच्या जागी म्हटलं, "मेथी, मुळा, टमाटे, कांदा, आलं."

पुढच्या रविवारी दोघं ट्रकवाले भाऊ गॅरेजमध्ये घसा ताणून "मेठी मूला टमाटे" म्हणत होते. पाच रविवार असे गेले. एका शनिवारी नवरा माझ्या ढोलकीचे नट पाना घेऊन नीट घट्ट करत बसलेला दिसला.

लग्नाच्या दिवशी दुपारी दोनला मी हिरवी पैठणी नेसून समोरच्या ड्राइव्हवेमध्ये ढोलकी गळ्यात अडकवून उभी होते. शिकागोचा क्लॅरिनेटवाला नुकताच पोचला होता. सत्तरीचा, बुटका, सावळा माणूस. काळा शर्ट, केस मागे चप्प बसवलेले. त्याने माझ्याकडे पाहिलं, ढोलकीकडे पाहिलं, पैठणीकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि क्लॅरिनेट ओठाला लावलं.

नवरीला घराबाहेर काढताना आधी एक संथ धून वाजवतात. तिला ताल नसतो, म्हणून मी नुसती ऐकत होते. नवरीचा बाप दारात उभा राहून अ‍ॅकॉर्डियन वाजवत होता आणि त्याच्या नाकावरून पाणी गळत होतं, कारण दोन्ही हात गुंतलेले. त्याची बायको बाजूला उभी राहून टिश्यूने त्याचं नाक पुसत होती आणि बल्गेरियनमध्ये बोलत होती. भाषा येत नसूनही मला शब्दन् शब्द कळला. "एक दिवस तरी ते पेटारं खाली ठेवता आलं नसतं?"

उंबऱ्यावर तांब्याच्या भांड्यात पाणी आणि फुलं ठेवलेली होती. आपल्याकडे नवरी माप ओलांडून घरात येते, यांच्याकडे ती घरातून निघताना भांडं पायाने लवंडते. हळूच लवंडलं तरी चालतं. पण ही मुलगी शाळेच्या सॉकर टीममध्ये होती. तिने झगा गुडघ्यापर्यंत उचलला, एक पाऊल मागे घेतलं आणि लाथ मारली. भांडं तीन पायऱ्या उडून खाली आलं आणि त्यातलं पाणी सरळ माझ्यावर. पदरावर झेंडूसारखं एक फूल चिकटलं आणि ढोलकीची डावी बाजू चिंब.

लोक टाळ्या वाजवत होते. बापाने मान झटकून सात मात्रांची वरात सुरू केली. मी डाव्या हाताने थाप मारली तर ओल्या गोणपाटावर चापट मारल्यासारखा आवाज आला. मग मी नुसत्या उजव्या हाताने वाजवत गाड्यांपर्यंत गेले. सगळी गल्ली बाहेर आली होती. गुजराती काका बागेची नळी हातात तशीच चालू ठेवून उभे, तेलुगू कुटुंब गॅरेजसमोर, आणि कोपऱ्यावरच्या घरातल्या पुण्याच्या काकू ओरडून विचारताहेत, "अगं, ही तूच ना? कुणाचं लग्न आहे हे?"

"बल्गेरियाचं!" मी ओरडले.

"चालेल!" काकू म्हणाल्या आणि नाचायला लागल्या.

वऱ्हाड चर्चला गेलं. परत यायला दीड तास होता आणि तेवढ्यात चामडं सुकायला हवं होतं. नवरीच्या आईने जाताजाता मला घराची किल्ली दिली होती. मी वर जाऊन बाथरूममधला हेअर ड्रायर शोधला. मागून क्लॅरिनेटवालाही आला. तो चर्चला गेला नव्हता. त्याने माझ्या हातातून ड्रायर घेतला, अगदी मंद केला आणि म्हणाला, "मी धरतो. तू फिरव." मी टबच्या कडेवर बसून ढोलकी हळूहळू फिरवू लागले.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "पानी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"पानी," त्याने ओल्या चामड्याकडे बोट केलं. मग स्वतःच्या नाकाला हात लावला. "नाख." कानाला. "कान." दाताला. "दांद."

मी ढोलकी फिरवायची थांबले. "तुम्हाला हिंदी येतं?"

"नाही. मी रोमा. हे माझ्या आजीचं बोलणं. आजोबा म्हणायचे, आपण तुमच्या बाजूने आलो, फार फार पूर्वी."

"कुठून? नागपूरहून?"

"असेल," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं त्या बाथरूममध्ये इतकं हसलो की ड्रायर टबात पडायचा राहिला. मग आम्ही एकमेकांची परीक्षाच घेतली. मी डोळ्याकडे बोट केलं, त्याने "याख" म्हटलं. मी बोटं दाखवली, त्याने "येख, दुय, त्रिन" मोजलं. शब्द जुळला की तो माझ्या हातावर टाळी देई.

हसता हसता मी सांगून टाकलं, की माझे बाबाही क्लॅरिनेट वाजवायचे. अमेरिकेत आल्यापासून मी ऑफिसात कुणाला हे सांगितलेलं नव्हतं.

"कुठे वाजवायचे?"

"लग्नांत."

त्याने ड्रायर चामड्याच्या जरा जवळ आणला. मग विचारलं, "आणि जेवायचे कुठे?"

इतका नेमका प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही. "मागच्या बाजूला," मी म्हणाले. "सगळ्यांचं झाल्यावर. कधी कधी ताट घरून न्यायला लागायचं."

"आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी," तो म्हणाला. "आधी रडवायचं, मग नाचवायचं, मग दाराशी जेवायचं." त्याने ड्रायर बंद केला, बोटाने चामडं दाबून पाहिलं. "आता वाजव."

मी थाप मारली. टाइल्समध्ये धूम घुमली.

साडेचारला मांडव भरला. बँडचं टेबल नवरा-नवरीच्या टेबलाला लागून, पुढच्या रांगेत होतं. त्यावर पांढरा कपडा, फुलं, आणि आमच्या पाचही जणांसाठी सगळ्यांच्या आधी वाढलेली ताटं. क्लॅरिनेटवाल्याने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून एक भुवई वर केली. मी खुर्ची ओढली आणि सगळ्यांच्या देखत मन लावून जेवले.

त्यानंतरचे तीन तास माझ्या डोक्यात एकामागून एक असे लागतच नाहीत. सगळे हात धरून रांगेत नाचत होते आणि रांग मांडवातून बाहेर, ग्रिलभोवतून, आमच्या गुजराती काकांना गोळा करून परत आत. मधेच पाहुणे "गोर्चिवो! गोर्चिवो!" असं ओरडत, म्हणजे "कडू, कडू", आणि कडूपणा जावा म्हणून नवरा-नवरीला एकमेकांचा मुका घ्यावा लागे. आमच्या मुलीने हा शब्द लगेच पाठ केला आणि दर पाच मिनिटांनी तीच सुरुवात करू लागली.

अकरा मात्रांच्या नाचात मी हरवले. क्लॅरिनेटवाल्याने वेग इतका वाढवला की पुढचा टप्पा मला दिसेचना. माझी बोटं चालत होती, पण कुठे चालली आहेत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. रांगेतल्या लोकांचे पाय अडखळायला लागले. तेवढ्यात थोरला ट्रकवाला भाऊ माइकमध्येच गरजला, "मेठी! मूला! टमाटे! कांडा! आलं!" धाकटाही ओरडला. मी तालावर आले, आणि सव्वाशे बल्गेरियन माणसं, एकालाही अर्थ ठाऊक नसताना, माझ्या भाजीच्या यादीवर नाचायला लागली. पुण्याच्या काकू हसून हसून खाली बसल्या.

मग क्लॅरिनेटवाल्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. तो एकटाच वाजवू लागला. लांब, वळणावळणाची धून, आणि तिच्या आतून त्याने हळूच एक जुनं हिंदी सिनेमातलं गाणं बाहेर काढलं. बल्गेरियात ते सिनेमे गावोगावी लागायचे, हे मला नंतर कळलं. हेच गाणं बाबा नवऱ्या मुलाच्या दारात वरात पोचली की वाजवायचे. तिथे ते नेहमी एक सूर वाजवीपेक्षा जास्त लांबवायचे. यानेही लांबवला. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. लग्नात वाजवणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळतं, एवढंच. मी आमचा साधा केरवा धरला आणि सूर जिथे सुटला तिथे थाप दिली. बघते तर माझा नवरा रांगेच्या टोकाशी, हातात रुमाल फिरवत, कुणाच्याही पावलाशी न जुळणारी स्वतःची पावलं टाकत नाचत होता. आमच्या स्वतःच्या लग्नात तो नाचला नव्हता. नंतर तो घामाने निथळत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मी एप्रिलमध्ये बोललो ते चुकलं माझं." मी म्हटलं, "आधी पाणी पी."

साडेसातला, अजून चांगलं ऊन होतं, नवरा-नवरी निघून गेली. बाप अखेर अ‍ॅकॉर्डियन खाली ठेवून गवतावर आडवा झाला आणि त्याची बायको त्याच्या शेजारी अनवाणी बसली. माझी बोटं कारल्यासारखी सुजली होती. मी बँडच्या टेबलाशी बसले, तशी नवरीची आजी येऊन माझ्या बाजूला बसली. लग्नासाठी ती बल्गेरियाहून आली होती आणि तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. तिने माझ्या ताटात भरलेल्या मिरच्या वाढल्या आणि बोलायला लागली. मी मराठीत उत्तर दिलं. मला वाटतं तिने विचारलं, मुलं किती. मी सांगितलं, एकच, ती काय तिकडे केक खातेय. मग मी विचारलं, "आजी, तुम्ही दमला का?" तिने डावीकडून उजवीकडे मान हलवली.

"नाही म्हणतेय," मी नवऱ्याला म्हणाले.

गवतावरून बाप ओरडला, "हो म्हणतेय! आमच्याकडे तशी मान म्हणजे हो!"

"मग आजी, घरात जाऊन पडायचं का?" मी विचारलं.

आजीने मान ठामपणे वर केली, जीभ टाळूला लावून "च्क" असा आवाज काढला, माझं मनगट धरलं आणि मला गवतावर ओढत नेलं. वाजवायला कुणीच उरलं नव्हतं. दोघं भाऊ वायरी गुंडाळत होते, क्लॅरिनेटवाला मिरच्या खात होता. आजी स्वतःच्याच तोंडाने गुणगुणत होती आणि पायातली चप्पल काढून मला पावलं दाखवत होती. दोन उजवीकडे, एक मागे. मी दोन उजवीकडे गेले, एक मागे गेले, आणि धाडकन गवतावर झोपलेल्या यजमानावर पडले.